बटणच्या नाकाचा शेड नंबर

३ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

नवी वही सुरू. ही कुणी वाचणार नाही, म्हणून हिच्यात फक्त खरं लिहायचं. शाईने, खाडाखोड न करता. शाळेत सिस्टर खाडाखोडीचे मार्क कापायच्या. माझे एकदाही कापले गेले नाहीत.

वहीचं कारण: बटणचं नाक.

आज गॅलरीत उन्हाला बसला होता. नाकाच्या शेंड्यावर रंग उतरलेला दिसला. आधी वाटलं, पिठात तोंड घातलं असेल. ओल्या रुमालाने पुसलं. गेलं नाही. मग कपाटातून जुनं शेड कार्ड काढलं. पेंटच्या दुकानात शेड काउंटरला मी एकतीस वर्षं काढली आहेत. गिऱ्हाइकाने नुसतं 'आमच्या आत्याच्या पडद्यासारखा' म्हटलं, तरी त्या रंगाचा डबा कालवून दिलाय. कार्ड नाकाला लावलं. त्याने ते चाटलं. तरी नोंद घेतली.

आमच्या ह्यांनी त्याला आणला तेव्हा तो ओंजळीत मावत होता आणि नाक होतं नंबर ९, 'काजळ'. कोटाच्या बटणासारखं गोल, चकचकीत. नाव त्यावरूनच पडलं. आज: नंबर ३४, 'जळकी कॉफी'.

ह्यांना जाऊन सात महिने झाले. बारा वर्षांत न हललेला रंग नेमका या सात महिन्यांत उतरतो, म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय. आणि या घरात काहीतरी करणारं माणूस एकच आहे. ते खाली राहतं.

४ नोव्हेंबर

खालची म्हणजे माझी नणंद. तिचं नाव सात महिन्यांत घेतलेलं नाही, या वहीतही घेणार नाही. शाई वाया जाते.

घर दोन मजली. वर मी, खाली ती. माझ्या पॅसेजमधून आतला एक जिना थेट तिच्या स्वयंपाकघरात उतरतो. चौदा पायऱ्या, तळाशी दार. तीस वर्षं ते दार उघडंच असायचं. सात महिन्यांपूर्वी मी माझ्या बाजूने कडी घातली आणि कडीला कुलूप. कारण वारा. जिन्यातून गार वारा वर येतो, माझे गुडघे धरतात. दुसरं काही कारण नाही.

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून एवढंच नोंदवते: हे गेल्यावर लोक भेटायला आले होते. त्या सगळ्यांदेखत ही रडत रडत म्हणाली, रोज सकाळी साडेसहाला दादा माझ्याकडे चहाला यायचा हो, आता मी साडेसहाला काय करू.

ह्यांना डायबेटिस. नऊ वर्षं मी त्यांच्या घशाखाली साखरेचा कण जाऊ दिला नाही. मला सांगून जायचे, बटणला फेरी मारून आणतो. ती फेरी म्हणजे या चौदा पायऱ्या! मी वर कारल्यासारखं तोंड करून डबे लपवतेय आणि ही खाली चमच्याने साखर ढवळतेय. स्वतःच्या भावाला.

मी लोकांसमोर अवाक्षर काढलं नाही. कुलूप आणायला गेले.

वाऱ्यासाठी.

६ नोव्हेंबर

बटणला डॉक्टरकडे नेलं. जनावरांची डॉक्टर म्हणजे एक पोरगेली बाई, मला आंटी म्हणते. नाकावर टॉर्च मारला, भिंग लावलं. म्हणाली, नाकाचा रंग जायची ढीगभर कारणं असतात. वय असतं, थंडी असते. प्लॅस्टिकच्या वाडग्यात खाऊनही जातो. कशावर तरी सतत घासल्याने जातो. आणि क्वचित आतलं काही दुखणं असतं, शरीर स्वतःच्याच रंगावर उठतं.

वाडगा कसला, विचारलं. मी स्टीलचा म्हटलं. परत येताना स्टीलचा घेतला. म्हणजे घरी पोचेपर्यंत ते खरंच झालं होतं. जुना पीच कलरचा प्लॅस्टिकचा आता कपड्यांच्या चिमट्यांना वापरते.

मग विचारलं, नाक कशावर घासतो का? गेट, पिंजरा, दार? मी म्हटलं, आमचं घर आहे, प्राणिसंग्रहालय नाही.

शेवटी म्हणाली, महिनाभर बघू. डाग पसरत राहिला तर आठ डिसेंबरला नाकाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. भूल द्यावी लागेल. या वयात भूल म्हटली की थोडी रिस्क असतेच, आंटी.

थोडी म्हणजे किती, मी विचारलं. ती बटणचे कान कुरवाळत बसली.

ठराव: आठ डिसेंबरच्या आत कारण शोधून काढणे. ह्यांच्या मागे माझ्याकडे राहिलेला हा एकच जीव आहे. त्याच्यावर मी कुणाला सुरी चालवू देणार नाही.

९ नोव्हेंबर, दुपार

पुरावा सापडला!

जुनी वर्तमानपत्रं मी आतल्या जिन्यात रचून ठेवते. आज ती ठेवायला तळापर्यंत गेले. दाराच्या माझ्या बाजूला, जमिनीपासून दीड वीत उंचीवर, एक काळपट मेणचट डाग. ते दार मी स्वतः रंगवलंय, नंबर २१७, 'जुनं हस्तिदंत'. त्यावर हा डाग म्हणजे मुद्दाम कुणीतरी काहीतरी फासलेलं. खाली फटीपाशी बिस्किटाचा चुरा.

सगळं जुळलं. ही फटीतून बिस्किटं सरकवते. बिस्किटात काय असतं ते तिलाच ठाऊक. नर्स होती ती, औषधांची माहिती आहे. भावाचं झालं, आता कुत्र्याची पाळी. डाग तिने माझ्या बाजूला कसा लावला, हा तपशील नंतर बघता येईल.

फटीतून चिठ्ठी सरकवली: 'माझ्या दारावर घाण करू नये. माझ्या कुत्र्याला खायला घालू नये.' सही केली नाही. अक्षरावरून कळेल. माझ्यासारखं अक्षर या घरात दुसऱ्या कुणाचं नाही.

डाग सोड्याने घासून काढला.

१० नोव्हेंबर

चिठ्ठीला उत्तर आलं. माझ्याच चिठ्ठीच्या पाठीमागे, पेन्सिलने: 'वहिनी, डाग तुमच्या बाजूला आहे. मी माझ्या बाजूची घाण पुसते, तुमची तुम्ही बघा. बटण रोज साडेसहाला दाराशी येऊन घासतो. हाक मारली तर रडतो. म्हणून बिस्किट देते. दार उघडा.'

वाचून हसू आलं. साडेसहाला म्हणे रडतो! माझा कुत्रा साडेसहाला पॅसेजमध्ये माझ्या सपाता उशाला घेऊन झोपलेला असतो. मला माहीत आहे, कारण सव्वासहाला मी त्याला तसाच सोडून गच्चीवर प्राणायामाला जाते, आणि सातला येते तेव्हा तो तिथेच असतो.

डाग परत आलाय. एका रात्रीत. बाईची चिकाटी बघा.

१५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. बटण कसा आहे, विचारलं. सगळं सविस्तर सांगितलं. डाग, चुरा, चिठ्ठी. ती मग म्हणाली, आई, तू ते दार उघड ना. मी म्हटलं, वारा येतो. ती म्हणाली, आई, आत्या म्हणत होती...

म्हणजे ही आत्याशी बोलते. माझ्या पोटची पोर. मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि ठेवून दिला.

ठराव: लेकीला आठवडाभर आपणहून फोन न करणे.

१६ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. बटणच्या लसीची तारीख विचारायची होती. ती तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तिला ठाऊक नव्हती.

१८ नोव्हेंबर

नाक: नंबर ४१, 'भिजलं बिस्किट'. पसरतंय.

दाराखालची फट जुन्या चादरीची गुंडाळी करून गच्च बंद केली. बिस्किटांचा पुरवठा तोडला. तीन दिवसांत रंग परत यायला हवा. एवढी साधी गोष्ट त्या डॉक्टरणीला सुचली नाही. शिकलेल्या लोकांचं हे असंच.

२१ नोव्हेंबर

चादर जिन्याच्या वरच्या पायरीवर पडलेली. चिंध्या. फट उघडी. खालचीने पट्टीने आतून ढकलली असणार. पट्टीने ढकललेली चादर चौदा पायऱ्या चढून वर कशी आली, याचाही विचार केला. जिद्दी बाई आहे.

चादर ओली होती, तिला बटणचा वास येत होता. बिचाऱ्याने झेप घेऊन शत्रूच्या हातून ती परत आणली असेल. त्याला तुपाचं बोट दिलं.

नाक: ४१ आणि ४२ च्या मध्ये. असा नंबर कार्डात नाही. दुकानात असते तर कालवून दाखवला असता.

२४ नोव्हेंबर, सायंकाळी

समोरासमोर आलो. बाहेर पाण्याच्या मीटरपाशी. मी रीडिंग बघायला गेले होते. (दर महिन्याला एकतीस तारखेला बघते, पण या महिन्यात एकतीस नाही म्हणून आधीच गेले.) ती झाडांना पाणी घालत होती. वाळली आहे. गाऊनवर ह्यांचा राखाडी स्वेटर. मी तो सात महिने शोधतेय.

मी मान फिरवली. ती पाइप मुडपून पाणी थांबवून म्हणाली, वहिनी, नाकाचं कळलं मला. डॉक्टर काय म्हणाली? मी म्हटलं, डॉक्टर म्हणाली, बिस्किटं देणाऱ्यापासून लांब ठेवा. ती म्हणाली, असं डॉक्टर म्हणाली? मी म्हटलं, जवळपास.

मग तिने तोंड सोडलं. म्हणाली, तुम्ही सगळं मलाच विचारता, एकदा त्या कुत्र्याला विचारा की. रोज सकाळी गच्चीवर जाऊन श्वास घेता ना, एक दिवस तोच श्वास जिन्यात बसून घ्या, हवा तीच आहे. मी म्हटलं, माझ्या श्वासाची काळजी तू करू नकोस, ज्याची करायची होती त्याची केली नाहीस. त्याला साखर पाजलीस.

तिच्या हातातल्या पाइपचं पाणी पुन्हा सुरू झालं आणि तिच्याच चपलेवर पडत राहिलं.  कुंड्या राहिल्या तशाच, ती आत गेली.

जिंकले.

रात्रीचं जेवण गेलं नाही. अॅसिडिटी.

२६ नोव्हेंबर

ठराव: उद्या साडेसहाला जिन्यात बसून स्वतः पाहणी करणे. खालचीने सुचवलं म्हणून नाही. हे मला आधीच सुचलं होतं, लिहायचं राहिलं.

२७ नोव्हेंबर

गच्चीवर गेले. विचार केला, जिन्यात बसले आणि तिला चाहूल लागली तर तिला वाटेल, हिने माझं ऐकलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

नाक: ४५, 'फिकी विटकरी'. नाकाच्या टोकाला सोलल्यासारखं झालंय. आठ तारखेला अकरा दिवस उरले. बटण माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. त्याच्या श्वासाने माझा पाय ओला झाला. बराच वेळ हलवला नाही.

३० नोव्हेंबर

सापळा.

साधी, सुंदर कल्पना आहे. डाग फासणारीला रंगेहाथ पकडायचं, आणि तेही शब्दशः. उद्या सकाळी सहा वाजता दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला ताज्या रंगाचा हात मारायचा. २१७. एक डबा पडून होता. पाण्यातला रंग, वास नाही, कुत्र्याने चुकून चाटला तरी बाधा नाही, हे मी बघितलंय. साडेसहाला जी कुणी हात लावेल तिच्या बोटांना हस्तिदंत लागेल. मग मी साडेसातला बाहेरून जाऊन बेल वाजवणार आणि म्हणणार, हात दाखव. शेड कार्ड बरोबर नेणार. लेकीला व्हिडिओ कॉल लावून ठेवणार, साक्षीला.

एकतीस वर्षांचा अनुभव कुठेतरी कामाला येतोच.

१ डिसेंबर, सकाळी ७.०५

गच्चीवरून खाली आले. बटण पॅसेजमध्ये, सपातांवर डोकं. नेहमीसारखा. सवयीने कार्ड घेतलं आणि नाकाला लावलं.

नंबर २१७.

१ डिसेंबर, सकाळी ७.४०

शेड ओळखण्यात मी आजवर चुकलेले नाही. तरी दोनदा लावून बघितलं. ओल्या कापसाने पुसलं. हस्तिदंत कापसावर आलं. त्याच्याखाली नाक. नंबर ६३, 'शिंपला'. लहान मुलाच्या तळव्यासारखं गुलाबी. पुसताना त्याने डोळे मिटून घेतले, हूं की चूं केलं नाही.

जिना उतरून गेले. ताज्या रंगात पुसट पट्टा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अनेकदा. जमिनीपासून दीड वीत. रंगात तीन तपकिरी केस चिकटलेले. मी वाकून बघितलं. पट्ट्याच्या खाली माझा जुना रंग उरलेलाच नाही, अस्तर दिसतंय, एके ठिकाणी लाकूड. एवढं लाकूड एका आठवड्यात उघडं पडत नाही.

बेल वाजवायला गेले नाही.

१ डिसेंबर, सकाळी ११

असंही असू शकतं, की तो फक्त आजच रंगाच्या नवलाईने गेला. कुत्री चौकस असतात.

२ डिसेंबर, सकाळी ७.३०

सव्वासहाला पाचव्या पायरीवर जाऊन बसले. गुडघे दुखत होते म्हणून गच्चीचा जिना नको वाटला.

घरात घड्याळाचा ठोका नाही, काही नाही. बरोबर साडेसहाला बटण उठला, अंग झाडलं, माझ्या शेजारून उतरला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारासमोर उभा राहिला. नुसता उभा. आत कुणीतरी कपडे बदलतंय आणि आपण थांबायचं असतं, तसा. दोन-चार मिनिटांनी नाक दाराला लावलं आणि ढकलायला लागला. डावीकडे, उजवीकडे. घाई नाही, आवाज नाही. काम असल्यासारखं.

मग पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी जमिनीवर बसलं, हाडं कडकडली. खालचीचा आवाज, अगदी दाराशी: नाही रे बाळा. आजही नाही.

आजही, म्हणाली.

सात महिने. मी डोक्यात गुणाकार केला आणि अर्धवट सोडला.

तो वीस मिनिटं ढकलत होता. मग वर येऊन सपातांवर झोपला. मी सातला उठले. मला कळलं, रोज मी गच्चीवरून येते तेव्हा तो नुकताच झोपलेला असतो.

३ डिसेंबर

डॉक्टरला फोन केला. दार घासतो, सांगितलं. ती म्हणाली, आंटी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना. मी म्हटलं, त्या दिवशी पंखा फार जोरात होता. ती म्हणाली, घासणं बंद करा, आठची तारीख रद्द करते. रंग बहुतेक येईल. नाही आला तर नाही आला, नाकाला काही होत नाही, फक्त उन्हाला मलम लावा.

तुकडा काढायचा नाही. भूल द्यायची नाही. फोन ठेवून थोडा वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. काय करायला आले होते ते आठवेना.

आता फक्त घासणं बंद करायचं. सोपं आहे. दारासमोर लोखंडी ट्रंक लावली.

४ डिसेंबर

ट्रंकेवर घासतो. ट्रंकेचा रंग हिरवा, नंबर १५८. नाकालाही.

पॅसेजचं दार लावून घेतलं तर त्या दारावर घासतो. त्याला दाराशी मतलब आहे, कुठल्या ते महत्त्वाचं नाही.

सगळे उपाय संपले. एक सोडून.

किल्ली सापडत नाही. दोन तास शोधली. ती हरवली असेल तर तो माझा दोष नाही, मग नाइलाजच आहे.

४ डिसेंबर, दुपारी ४

चिमट्यांच्या वाडग्यात होती.

५ डिसेंबर, सकाळी ८

अटी मनात पक्क्या केल्या होत्या. दार रोज साडेसहा ते सहा चाळीस एवढंच उघडायचं. फक्त कुत्र्यासाठी. मी शेवटच्या पायरीवर उभी राहणार, उंबरा ओलांडणार नाही, तिच्याशी बोलणार नाही.

ट्रंक बाजूला सरकवली. कुलूप गंजलं होतं. कडी ओढली. दार माझ्या बाजूला उघडलं. खालची जमिनीवर बसलेली, पाठ दाराच्या चौकटीला, हातात बिस्किट. माझ्याकडे बघून उठायला लागली, उठता येईना. मी हात पुढे केला. हात देणं म्हणजे बोलणं नव्हे.

बटण आत गेला. मला वाटलं, आता हिच्या अंगावर उड्या मारणार, हिचं तोंड चाटणार आणि मला ते बघत उभं राहावं लागणार. तो तिच्या शेजारून सरळ पुढे गेला. बिस्किटाकडेही बघितलं नाही. खरं लिहायचं तर एक क्षण मला बरं वाटलं.

खिडकीपाशी वेताची खुर्ची होती. त्याने बैठकीचा वास घेतला, मग चारही पायांचा, एकेक करून, मग हातांचा. मग खुर्चीखाली शिरून हनुवटी जमिनीवर टेकली आणि दाराकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही. माझ्या मागे, जिन्यात. अजून कुणीतरी उतरायचं राहिलंय, असं.

तो इतके दिवस तिच्यासाठी नव्हता घासत. माझ्यापासून पळतही नव्हता. आम्हा दोघींना हे एकदमच कळलं असावं, कारण दोघीही एकदमच दुसरीकडे बघायला लागलो.

खालची म्हणाली, बसा वहिनी, जिन्यात उभ्याने गुडघे धरतील. मी म्हटलं, माझे गुडघे ठीक आहेत. बसले. खुर्चीवर नाही, स्टुलावर. खुर्चीवर कुणीच बसलं नाही.

तिने चहा दिला. ह्यांचाच कप, कान तुटलेला. हा कप फुटला म्हणून फेकून दिला, असं ह्यांनी मला सांगितलं होतं. एक घोट घेतला. बिनसाखरेचा. फिका, अगदी आमच्या वरच्यासारखा.

मी म्हटलं, माझ्यासाठी मुद्दाम असा केलास का? ती म्हणाली, मी असाच करते. नऊ वर्षं असाच करते. मी म्हटलं, आणि त्यांना? ती म्हणाली, वहिनी, मी नर्स होते. दादाला साखर पाजीन मी? तुम्ही मीटरपाशी म्हणालात ते मला आधी समजलंच नाही. मग रात्रभर समजत बसले.

मी विचारलं, मग ते यायचे कशाला? चहा वरही होता.

 सांगू की नको, असं तिचं चाललेलं दिसत होतं. म्हणाली, बसायला यायचा. काही बोलायचा नाही, पेपरही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, वरची चांगली आहे, माझ्यासाठी जिवाचं रान करते. फक्त सकाळची दहा मिनिटं मला कुणी सुधारू नये, एवढंच.

या वाक्यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. सुधारणा कुणी आपल्या मजेखातर करत नाही. त्यांच्या शर्टाची बटणं, चष्म्याची दोरी, औषधं, चालणं, पाठीचा बाक, हे सगळं कुणी बघायचं होतं? शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, ज्याच्यावर प्रेम त्याची चूक दाखवावी. मी तोंड उघडलं. खुर्चीखालून बटणने माझ्याकडे बघितलं. नाकाला अजून थोडा हिरवा होता.

मी तोंड मिटलं.

ठरवलं, दहा मिनिटं आपणही गप्प बसून दाखवायचं. त्यात काय आहे. घड्याळ समोरच होतं. पाच मिनिटं गेली. खालची पेंगत होती, ह्यांच्या स्वेटरची बाही तोंडाशी धरून. सहा गेली, सात गेली. आठव्या मिनिटाला मी तिला सांगून टाकलं, की हा पडदा या भिंतीला चालत नाही, भिंत ८८ आहे आणि पडद्यात पिवळा जास्त आहे, मी बदलून देईन.

ती डोळे न उघडताच हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं. म्हणाली, आठ मिनिटं झाली की. दादा तर म्हणाला होता, तिला पाचच्या वर गप्प राहणं जमणार नाही.

मला राग आला. सगळ्यात जास्त ह्यांचा. माझ्या पाठीमागे आकडे लावत होते!

ठराव: उद्या दहा मिनिटं पूर्ण गप्प बसणे. सहज जमेल. आज पडदा समोर होता म्हणून. उद्या पाठ करून बसेन. ह्यांना चुकीचं ठरवल्याशिवाय राहणार नाही.

नाकाचा नंबर आज घेतला नाही. तो खुर्चीखालून निघायलाच तयार नव्हता. दार उघडंच ठेवून वर आले. वारा येत नाही.

६ डिसेंबर, सकाळी ६.५०

पाच.